एकाच जिवावर भिस्त

कॅरिबियन समुद्राच्या तळाशी गेल्या चाळीस वर्षांत काय उलथापालथ झाली, हे पाहायचं तर ‘डायाडेमा अँटिलारम’ या काळ्या, लांब काट्यांच्या सी अर्चिनकडे वळावं लागतं. दिवसा कपारीत बसायचं आणि रात्री बाहेर पडून खडकांवरचं शेवाळ खरवडून खायचं, हा त्याचा शिरस्ता. १९८३ पूर्वी जमैकाच्या उथळ प्रवाळखडकांवर चौरस मीटरमागे सरासरी नऊ अर्चिन असत.

ही गर्दी मात्र समुद्राच्या सुदृढपणाची खूण नव्हती. शेवाळ खाणारे पोपटमासे आणि अर्चिनला खाणारे मासे, दोन्ही अतिमासेमारीने रोडावले होते. शत्रू गेले, वाटेकरीही गेले. खडक साफ ठेवण्याचं काम एकट्या अर्चिनवर येऊन पडलं.

जानेवारी १९८३ मध्ये पनामा कालव्याच्या कॅरिबियन टोकाजवळ साथ सुरू झाली. काट्यांवर गाळ चिकटायचा, काटे लुळे पडून गळायचे, खडकावरची पकड सुटायची. शेवटी नुसतं कवच उरायचं. पनामातल्या स्मिथसोनियन संस्थेचे हारिलाओस लेसिओस आणि सहकारी साथीच्या मागावर होते. प्रवाहांबरोबर तिने वर्षभरात जवळजवळ सगळा कॅरिबियन गाठला. ठिकठिकाणी ९३ ते १०० टक्के अर्चिन मेले.

जमैकात १९८० च्या ‘ॲलन’ चक्रीवादळाने प्रवाळ आधीच मोडले होते. आता शेवाळाला रान मोकळं मिळालं. १९७७ मध्ये ५२ टक्के असलेलं प्रवाळाचं आच्छादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३ टक्क्यांवर आलं. शेवाळ ४ वरून ९२ टक्क्यांवर गेलं.

संख्या सावरली नाही, त्यालाही कारण आहे. अर्चिनचे नर-मादी आपापली बीजं पाण्यात सोडतात. ते विरळ झाले की बीजांची गाठच पडत नाही. तीस वर्षांनंतरही संख्या पूर्वीच्या सुमारे १२ टक्केच होती. त्यात जानेवारी २०२२ मध्ये सेंट थॉमस बेटाजवळ पुन्हा अर्चिन मरू लागले. या वेळी कारण लवकर सापडलं: २०२३ मध्ये एका एकपेशीय परजीवीवर बोट ठेवता आलं. १९८३ चा गुन्हेगार अजूनही अज्ञात आहे.

फ्लोरिडात प्रयोगशाळेत वाढवलेले अर्चिन खडकांवर सोडले जातात. बेलीझने २००९ मध्येच पोपटमासे पकडण्यावर बंदी घातली. मला दुसरा उपाय जास्त मुळाशी जाणारा वाटतो. अर्चिन परत यायलाच हवेत. पण खडक साफ ठेवणारे वाटेकरी परतले नाहीत, तर पुढची साथही तितकीच महागात पडेल.