टेक्सासात रोहीवर कमाई, जालन्यात रोहीसाठी जागल

सोयाबीन, हरभरा रानात उभा राहिला की जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची रात्रीची जागल सुरू होते. कारण रोही, म्हणजेच नीलगाय, आणि रानडुक्कर. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये मात्र हीच नीलगाय उत्पन्न देते. तिथल्या किंग रँचने सुमारे शंभर वर्षांपूर्वी ती आणून सोडली. आज शिकारी पैसे मोजून तिची शिकार करतात. साहजिकच तिचा चारा, पाणवठा राखण्यात जमीनमालकाचा फायदा असतो.

आपल्याकडे असे खासगी शिकारक्षेत्र का नाही?

कायद्यात वावच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करता येत असे. १९९१च्या दुरुस्तीने तेही थांबले. सातबारा तुमचा, पण त्यात चरणारा रोही तुमचा नाही.

मग मारायचाच नाही?

कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका ठरलेल्या, अनुसूची २ मधल्या प्राण्याच्या शिकारीची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. रोही, रानडुक्कर त्यात बसतात. काळवीट नाही, तो अनुसूची १ मध्ये आहे. पण मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. शिवाय बंदूक किती शेतकऱ्यांकडे असते?

कुंपणात वीज सोडणे तर गुन्हाच. त्यात माणसेही दगावतात.

राहते भरपाई. नुकसान दिसताच फोटो काढा, तीन दिवसांत वन विभागाकडे तक्रार द्या, पंचनामा करून घ्या. जागल मात्र सुटत नाही. रोही त्याच रात्री पुन्हा येऊ शकतो.