विश्लेषण : मुलांच्या दम्याच्या अटॅकमध्ये पंप पुरेसा, की तोंडावाटे स्टेरॉइड लागतेच?

जून उजाडतो, शाळा सुरू होतात, हवेत ओल येते. वर्गात एकाला सर्दी झाली की आठवड्यात निम्मा वर्ग शिंकू लागतो. दमा असलेल्या मुलांसाठी हाच काळ कठीण. रात्री खोकल्याची ढास, छातीत घरघर आणि पहाटे दवाखाना. तिथे डॉक्टर वाफ देतात आणि अटॅक जोराचा असेल तर तीन ते पाच दिवसांसाठी तोंडावाटे घ्यायचे स्टेरॉइडही लिहून देतात. हा शब्द ऐकला की पालक बिचकतात. घरात पंप आहे, त्यातही स्टेरॉइडच असते, मग त्याचाच डोस वाढवला तर चालणार नाही का, असा प्रश्न ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. गेल्या २५ वर्षांत संशोधकांनी नेमका हाच प्रश्न मुलांवरील चाचण्यांतून तपासला आहे.

अटॅकमध्ये छातीत काय होते?

दम्यात श्वासनलिकांना आतून कायमची थोडी सूज असते. सर्दीचा विषाणू, धूळ, धूर किंवा गार हवा यांनी ती भडकली की तीन गोष्टी एकदम घडतात. नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते आणि घट्ट कफ साचतो. लहान मुलांच्या नलिका मुळातच अरुंद असतात, त्यामुळे थोड्या सुजेनेही त्यांना धाप लागते.

साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत बरे वाटते, पण सुजेवर त्याचा परिणाम नसतो. सूज उतरवण्याचे काम स्टेरॉइडचे. म्हणूनच 'पंप दिला, दोन तास बरे वाटले, पुन्हा सुरू झाले' असा अनुभव अनेक घरांत येतो. स्नायू सुटले, सूज तशीच राहिली.

इथे पहिला घोळ होतो तो 'पंप' या शब्दाने. तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप वेगळा आणि रोज घ्यायचा, सूज आटोक्यात ठेवणारा बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारख्या स्टेरॉइडचा पंप वेगळा. काही पंपांत दोन औषधे एकत्रही असतात. रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा लेबलवरचे औषधाचे नाव वाचावे.

दोन मार्ग, दोन मापे

पंपातील स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, तोंडावाटे दिले जाणारे मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे एक हजार मायक्रोग्रॅम. २० किलो वजनाचे सहा वर्षांचे मूल घेऊ. प्रेडनिसोलोनचा डोस साधारण किलोमागे दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम असतो. कमी डोस धरला तरी दिवसाला २० मिलिग्रॅम, पाच दिवसांत १०० मिलिग्रॅम. रोजच्या पंपातून या मुलाला दिवसाला २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड मिळत असेल, तर १०० मिलिग्रॅमचा आकडा गाठायला ५०० दिवस लागतील.

ही तुलना तंतोतंत नाही. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसते, मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम लावले तर बुडेसोनाइड अधिक तीव्र आहे. पण अंदाज यायला हे गणित पुरेसे आहे. सिरप किंवा गोळी आतड्यातून रक्तात जाते आणि सगळ्या शरीरात पोहोचते. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत उतरते, रक्तात फार कमी जाते. आपल्याकडे मात्र भीती उलटी आहे. पंपाची 'सवय लागते' म्हणून तो टाळला जातो आणि सिरप 'साधे औषध' म्हणून बिनधास्त दिले जाते. पंपातल्या स्टेरॉइडचे व्यसन लागत नाही. तो थांबवल्यावर त्रास परत येतो, कारण दमा तिथेच असतो.

टोरांटोतील चाचणी

पंपातील डोस खूप वाढवला तर तो गोळीची जागा घेईल का? टोरांटोच्या 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन'मध्ये याची थेट परीक्षा झाली. निष्कर्ष २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र अटॅक घेऊन इमर्जन्सी विभागात आलेली, पाच वर्षे आणि त्यापुढची १०० मुले त्यात होती. एका गटाला स्पेसर लावून फ्लुटिकासोनचे २ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या तुलनेत प्रचंड मोठा डोस देण्यात आला. दुसऱ्या गटाला तोंडावाटे प्रेडनिसोन, किलोमागे २ मिलिग्रॅम. स्नायू सैल करणारी औषधे दोन्ही गटांना मिळतच होती.

चार तासांनी फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजली. गोळीच्या गटात ती सुमारे १९ टक्के अंकांनी सुधारली होती, पंपाच्या गटात ९ टक्के अंकांनी. रुग्णालयात दाखल करावे लागलेल्या मुलांचे प्रमाण गोळीच्या गटात १० टक्के होते, पंपाच्या गटात ३१ टक्के. म्हणजे तिप्पट.

कारण समजायला अवघड नाही. अटॅकमध्ये नलिका आवळलेल्या आणि कफाने भरलेल्या असतात, मूल भराभर उथळ श्वास घेत असते. जिथे सूज सर्वाधिक, तिथेच हवा कमी जाते आणि हवेबरोबर जाणारे औषधही. रक्तातून येणाऱ्या औषधाला हा अडथळा नसतो. सौम्य ते मध्यम अटॅक असलेल्या मुलांवर त्याच शहरात नंतर झालेल्या अभ्यासातही पंप प्रेडनिसोलोनची जागा घेऊ शकत नाही, असेच दिसले.

तोंडावाटे दिलेल्या स्टेरॉइडलाही परिणाम दाखवायला साधारण चार तास लागतात. म्हणून ते रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्या तासाभरात देण्यावर डॉक्टरांचा भर असतो. लवकर दिल्यास दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण घटते. आणखी एक, 'सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही' या समजुतीला इथे आधार नाही. मूल औषध गिळू शकत असेल आणि ते पोटात टिकत असेल, तर तोंडावाटे दिलेले स्टेरॉइड शिरेतून दिलेल्या इतकेच काम करते.

त्रास सुरू होतानाच पंपाचा डोस वाढवला तर?

अटॅक पूर्ण यायच्या आधी, नुसता खोकला वाढला असताना डोस चढवणे ही कल्पना पटण्यासारखी वाटते आणि बरीच वर्षे तसे सुचवलेही जात होते. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष आले. ५ ते ११ वर्षांच्या २५४ मुलांचा ४८ आठवडे मागोवा घेतला गेला. ही मुले आधीपासून रोज कमी डोसचा स्टेरॉइड पंप घेत होती. त्रासाची चाहूल लागताच निम्म्यांचा डोस सात दिवसांसाठी पाचपट केला, उरलेल्यांचा तोच ठेवला.

पाचपट डोसच्या गटात गंभीर अटॅक कमी झाले नाहीत. वर्षाला सरासरी ०.४८, तर नेहमीच्या डोसच्या गटात ०.३७. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायदा नक्कीच दिसला नाही. उंची वाढण्याचा वेग पाचपट गटात वर्षाला सुमारे पाव सेंटिमीटरने कमी भरला. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषावर तो फरक अगदी थोडक्यात बसला नाही, तरी दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

प्रौढांत चौपट डोसने थोडा फायदा दिसला होता. तेव्हा मोठ्यांच्या चिठ्ठीवरून मुलांचा डोस ठरवू नये, हे वेगळे सांगायला नको. पंपाच्या बाबतीत मुलांना उपयोग होतो तो रोज, न चुकता घेतलेल्या कमी डोसचा. 'त्रास नाही' म्हणून मार्चमध्ये बंद केलेला पंप जुलैत पाचपट घेऊन भरपाई होत नाही.

पाच वर्षांखालील मुलांचे गणित वेगळे

या वयात सर्दीबरोबर घरघर होणारी मुले खूप असतात आणि त्यातल्या सगळ्यांना पुढे दमा राहत नाही. घरातली मंडळी 'बाळदमा' म्हणतात, डॉक्टर अनेकदा निदान लांबवतात. औषधाचा प्रतिसादही मोठ्या मुलांसारखा सरळ नसतो. इंग्लंडमध्ये १० ते ६० महिन्यांच्या ६८७ मुलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विषाणूमुळे घरघर होणाऱ्या मुलांना पाच दिवस प्रेडनिसोलोन देऊनही रुग्णालयातला मुक्काम लक्षणीय घटला नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे दोन ते सहा वर्षांच्या सुमारे ६०० मुलांमध्ये मात्र मुक्काम कमी झाला. म्हणजे वय आणि अटॅकची तीव्रता यावर बरेच अवलंबून आहे.

याच वयोगटात पंपाच्या मोठ्या डोसची परीक्षा कॅनडात झाली. सर्दीची पहिली शिंक येताच एक ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसातून दोनदा ७५० मायक्रोग्रॅम फ्लुटिकासोन देण्यात आले. तोंडावाटे स्टेरॉइड लागण्याचे प्रमाण सर्दीच्या १८ टक्के वेळांवरून ८ टक्क्यांवर आले. फायदा खरा होता. पण या मुलांची उंची आणि वजन कमी वाढले, म्हणून हा उपाय सरसकट वापरावा असे संशोधकांनीही सुचवले नाही.

दम्यावरील जागतिक मार्गदर्शक सूचना देणारी 'गिना' ही संस्था पाच वर्षांखालील मुलांना पालकांनी घरीच स्टेरॉइडचा कोर्स सुरू करण्याची सर्वसाधारण शिफारस करत नाही. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून सिरप आणण्याची सवय इथे महागात पडू शकते.

वर्षाला किती कोर्स चालतात?

एखादा छोटा कोर्स बहुतेक मुलांना सोसतो. उलटी, चिडचिड, झोप उडणे, खा-खा होणे हे त्रास दिसतात आणि औषध संपल्यावर जातात. प्रेडनिसोलोनची कडू चव हा तर वेगळाच लढा. मूल ते ओकून टाकत असेल तर डॉक्टर एक किंवा दोन दिवसांचे डेक्सामेथासोन देऊ शकतात, ते शरीरात जास्त काळ टिकते. दोन आठवड्यांपेक्षा लहान कोर्स हळूहळू कमी करत न्यावा लागत नाही. मात्र बरे वाटले म्हणून दुसऱ्याच दिवशी बाटली फ्रिजमध्ये ठेवून देऊ नये.

खरी चिंता वारंवार कोर्सची आहे. तैवानमधील मुलांच्या मोठ्या नोंदींतून २०२१ मध्ये असे दिसले, की छोट्या कोर्सनंतरच्या महिन्यात पोटातील रक्तस्राव, न्यूमोनिया आणि सेप्सिसचा धोका वाढतो. प्रत्यक्षात अशा मुलांची संख्या कमीच असते. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात वारंवार कोर्स झालेल्या मुलग्यांच्या हाडांत खनिजांची भर कमी पडल्याचे आढळले.

याच अभ्यासाने पंपाच्या दुष्परिणामाचेही माप दिले. लहानपणी चार ते सहा वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. पंप अगदी निर्दोष नाही, आणि म्हणूनच डॉक्टर पुरेल तेवढाच कमी डोस ठेवतात. पण तोंडावाटे स्टेरॉइड पुन:पुन्हा लागत असेल, तर पंप रोज घेतला जातो का, नीट घेतला जातो का, हे आधी तपासावे लागते.

घरच्या नेब्युलायझरचे काय?

अनेक घरांत आता नेब्युलायझर आहे आणि बुडेसोनाइडची वाफ साध्या खोकल्यालाही दिली जाते. मार्ग बदलला तरी हे श्वासावाटे दिलेलेच स्टेरॉइड आहे, ते तोंडावाटे दिलेल्याची जागा घेत नाही. सौदी अरेबियात मुलांच्या एका चाचणीत इतर उपचारांच्या जोडीला बुडेसोनाइडची वाफ दिली गेली. एकूण मुलांत दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही, फक्त अतितीव्र अटॅकच्या गटात उपयोग दिसला. तो निर्णय रुग्णालयातला आहे.

घरी थांबायचे कुठवर, हे मात्र माहीत हवे. साल्ब्युटामॉलने लगेच आराम पडत नसेल किंवा आराम टिकण्याचा वेळ दरवेळी कमी होत असेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मूल वाक्य पुरे करू शकत नसेल, दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते सुस्त पडत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. वाटेत साल्ब्युटामॉल सुरू ठेवावे.

स्पेसर नसेल तर पंप अर्धाच

जागतिक अंदाजानुसार दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक इथे होतात. रोजचा स्टेरॉइड पंप फार थोड्यांपर्यंत पोहोचतो, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. 'दमा' हा शब्द टाळून 'अॅलर्जीचा खोकला' म्हणत राहण्याची आपली रीतही त्यात भर घालते.

ज्यांच्याकडे पंप आहे, त्यांच्याकडे स्पेसर असतोच असे नाही. मुलाला पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ जमत नाही, औषध घशावर आपटते. स्पेसरच्या नळीत ते क्षणभर थांबते आणि मूल सावकाश ओढून घेते. अगदी लहान मुलांना त्याला मास्क जोडावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवले, की ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे छिद्र पाडून, सांधा बंद करून केलेला स्पेसरही अटॅकमध्ये विकतच्या स्पेसरइतकेच काम देतो.

स्टेरॉइड पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध मुलाच्या छातीत जाण्याऐवजी नळीच्या भिंतीला चिकटून राहते.