ट्रंक लाइन खात्यांत वाटू नका

ईपीएबीएक्सला, म्हणजे कार्यालयातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजला, जोडलेल्या बाहेरच्या (ट्रंक) लाइन खात्याखात्यांत वाटून देणं न्याय्य दिसतं, पण त्यात पैसा आणि ग्राहक दोन्ही जातात. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एरलांग यांनी १९१७ साली मांडलेल्या सूत्रातून हे आकड्यांनिशी दिसतं. समजा, विक्री आणि सेवा या खात्यांत गर्दीच्या तासाला प्रत्येकी ३०० मिनिटांचं बोलणं होतं आणि शंभरात फार तर एखादाच कॉल लाइनअभावी अडावा अशी अपेक्षा आहे. वेगळे गट ठेवले तर प्रत्येकी ११, म्हणजे २२ लाइन लागतात. तीच ६०० मिनिटं एका गटावर टाकली की १८ पुरतात, कारण दोन्हीकडची गर्दी सहसा एकाच क्षणी उसळत नाही.

मग विक्रीवाल्यांनीच सगळ्या लाइन अडवल्या तर? शंका रास्त आहे. प्रत्येक कॉल स्वतंत्रपणे येतो असं हे सूत्र गृहीत धरतं. जाहिरात छापून आलेल्या सकाळी तसं घडत नाही. तरीही त्यावर वाटणी हा उपाय नव्हे. एक-दोन लाइन फक्त येणाऱ्या कॉलसाठी राखाव्यात आणि बाकीच्या सामायिक ठेवाव्यात. त्यांतही येणारे कॉल पहिल्या लाइनपासून आणि जाणारे शेवटच्या लाइनपासून मोकळी जागा शोधतील असा क्रम लावावा. दोन्ही एकाच लाइनवर आदळण्याची शक्यता त्यामुळे बरीच घटते. ३० वाहिन्यांच्या पीआरआय या डिजिटल ट्रंक जोडणीवरही हाच क्रम लावता येतो.