उच्च तापमानातील निर्वात पिशवी आणि नळीचा सांधा

संमिश्र पदार्थ घडविताना रेझिनयुक्त कापडाचे थर साच्यावर रचून त्यांवर पातळ पिशवी चढवितात व आतील हवा काढून घेतात. वातावरणाचा सुमारे १०१ किलोपास्कल दाब मग थरांना दाबून धरतो. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेतील एका उपेक्षित भागाचा, पिशवीबाहेर पडणाऱ्या नळीच्या सांध्याचा, विचार केला आहे.

पिशवीच्या सपाट कडा चिकट सीलंट पट्टीने सहज बंद होतात. नळी मात्र गोल. तिच्या दोन्ही अंगांना पाचरीसारखी पोकळी उरते. म्हणून नळीस प्रथम पट्टीचा पूर्ण वेढा देऊन तो कडेच्या पट्टीत दाबून बसवावा लागतो. थंड असताना हा सांधा निर्दोष भासतो, आणि खरी फसगत येथेच होते. १८० अंश सेल्सिअसला पट्टी मऊ पडते, सिलिकॉनची नळी धातूच्या साच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते आणि लोंबत्या नळीचे वजन सांध्यालाच ओढते. (नळीला स्वतंत्र आधार देणे हा साधा उपाय वारंवार विसरला जातो.) गळतीतून हवा शिरते, ओलावा व बाष्पे बाहेर पडत नाहीत; रेझिन कठीण झाल्यावर बुडबुड्यांच्या पोकळ्या कायम राहून थरांमधील कर्तनबल घटते.

पीएमआर-१५ हे पॉलिइमाइड रेझिन तर सुमारे ३१६ अंशांना पक्के होते. तेथे नायलॉनची पिशवी व रबरी नळी निरुपयोगी; पॉलिइमाइडची फिल्म व धातूची नळी घ्यावी लागते. ती नळी साच्यालाच वेल्डिंगने जोडल्यास पिशवीच्या कडेतून नेण्याची गरजच उरत नाही. शक्य तेथे हाच मार्ग श्रेयस्कर होय.

तापविण्यापूर्वी पंपाची वाहिनी बंद करून निर्वातमापकाचा काटा किती उतरतो ते पाहावे. मापक मात्र पंपापासून दूरच्या, वेगळ्या नळीवर बसवावा.