फाईल हरवत नाही, फाटा चुकतो

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुने कॉम्प्युटर बदलण्याची घाई तालुक्याच्या गावांपर्यंत आली. सुरक्षेबद्दल, खर्चाबद्दल बरेच छापून आले आहे. मला काळजी वेगळीच वाटते. तहसीलजवळच्या टायपिंगच्या दुकानात माणूस येतो, म्हणतो, "दादा, मागच्या महिन्यातलं माझं प्रतिज्ञापत्र काढा." नव्या मशीनवर ओपनची विंडो उघडते आणि यादी रिकामी. "उडाली वाटतं फाईल." मग तोच मजकूर पुन्हा टाईप, पुन्हा पैसे, आणि गावी जायची गाडी हुकते ती वेगळीच.

फाईल बहुतेक वेळा उडालेली नसते. मुदखेडच्या माणसाला हे चटकन कळेल, कारण त्याच्या गावातच जंक्शन आहे. नांदेडहून आलेला रूळ इथे फुटतो. एक फाटा उमरी, धर्माबाद, बासर करत निजामाबादला जातो, दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला. किनवटला निघालेला माणूस धर्माबादला उतरला, तर फलाट कितीही पालथा घातला तरी किनवट तिथे नाही. मुदखेडला परत येऊनच गाडी बदलावी लागते. फोल्डरचेही तसेच. विंडोच्या वरच्या पट्टीतला पत्ता म्हणजे स्टेशनची पाटी. खालची यादी त्या एका स्टेशनापुरती असते, अख्ख्या कॉम्प्युटरची नव्हे. ऑल्ट धरून वरचा बाण दाबला की एक टप्पा मागे येता येते. पण पाटी वाचायची सवयच कोणी लावलेली नाही.

नव्या मशीनवर गोंधळ वाढतो, कारण एकाच नावाची दोन स्टेशने तयार होतात. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून वनड्राईव्हचा बॅकअप चालू झाला की 'डॉक्युमेंट्स' वनड्राईव्हच्या पोटात जाते, आणि जुन्या जागी त्याच नावाचे फोल्डर उरू शकते. फुकटची जागा फक्त ५ जीबी. माझे स्पष्ट मत आहे की दुसऱ्यांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या दुकानात हा बॅकअप विचार करूनच चालू करावा, आपोआप होऊ देऊ नये.

दुसरी अडचण फाईलच्या प्रकाराची. नावाच्या चौकटीशेजारी 'ऑल वर्ड डॉक्युमेंट्स' असेल, तर नोटपॅडमधला मजकूर किंवा पेजमेकरमधली लग्नपत्रिका यादीत दिसतच नाही. 'ऑल फाईल्स' निवडले की दिसते. पेजमेकरची फाईल वर्डमध्ये उघडणार नाही, पण ती शाबूत आहे एवढे तरी कळते.

नावांची कथा जुनी आहे. डॉसच्या काळात नावाला ८ अक्षरे मिळत. विंडोज ९५ ने लांब नावांची मुभा दिली, तरी आजही दुकानादुकानांत 'अर्ज१', 'नवीन', 'फायनल', 'फायनल२' हीच नावे. तारीख घालायला जावे तर १२/१०/२०२५ मधली तिरकी रेघ विंडोज नावात घेत नाही, म्हणून लोक तारीखच सोडून देतात. वर्ष आधी लिहावे, मध्ये आडवी रेघ द्यावी: '२०२५-१०-१२ बारड वारस अर्ज'. अशी नावे आपोआप तारीखवार लागतात. सातबारा काढताना जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर अशी उतरंड आपण उतरतोच. गावागावाचे फोल्डर करणे त्याहून अवघड नाही.

टायपिंगच्या परीक्षेत मिनिटाला ३० किंवा ४० शब्द मोजतात. पोरं रात्रंदिवस सराव करून तो वेग गाठतात. टाईप केलेले पान महिन्याने परत काढता येते का, हेही त्यांना तितक्याच आस्थेने शिकवायला हवे. गिऱ्हाइकाचे नुकसान वेगाने भरून निघत नाही.

एक उपाय मात्र आजच करता येतो. वर्डमध्ये 'फाईलनेम' नावाचे फील्ड आहे. ते पानाच्या तळाशी घालून पूर्ण पत्ता दाखवण्याची खूण केली, की फाईल कोणत्या फोल्डरात आहे ते बारीक अक्षरात कागदावरच छापले जाते. फाईल दुसरीकडे हलवली तर फील्डवर एफ९ दाबून पत्ता ताजा करावा. महिन्याने बारड गावचा माणूस पिशवीतून तो कागद काढील, आणि टायपिस्ट तळाची ओळ वाचून थेट त्या फोल्डरात जाईल.