‘मदत हवी का?’ हो की नाही?

अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांचा प्रवेश अर्ज मारुतीच्या शेपटीसारखा लांबत जातो. पण तुमच्या-माझ्या घरातल्या मुलीचं बरंचसं भवितव्य त्यातल्या एका बारीकशा प्रश्नावर ठरतं. ‘तुम्ही आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार आहात का?’ उत्तर फक्त हो किंवा नाही.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते. 2024च्या पावसाळ्यात माझी एक बारावी सायन्सची विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान, तीन एकर शेती. मुलगी दहावीला 97 टक्क्यांची आणि भौतिकशास्त्राने झपाटलेली. पदवीसाठीच अमेरिकेत जायचं तिच्या डोक्यात होतं. पुण्यातल्या एका सल्लागाराकडे जाऊन आल्या होत्या. त्याने चार लाख फी सांगितली आणि वर कानमंत्र दिला, ‘मदतीच्या रकान्यात नाही लिहा. प्रवेश लवकर मिळतो. एकदा आत गेलात की मदत मागता येते.’

आई म्हणाली, ‘मॅडम, खोटं लिहायला मन धजत नाही. पण खरं लिहून दारच बंद होत असेल तर काय करायचं?’

प्रश्न अगदी रास्त होता. कारण सल्लागाराचं अर्धं बोलणं खरं होतं. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याला किती पैसे द्यावे लागतील हेही बघतात. स्टॅनफर्डसारखं गडगंज विद्यापीठसुद्धा बघतं. म्हणजे दोन मुली सारख्याच हुशार असल्या, तर पदरचे पैसे भरणारी पुढे सरकते. हे न बघणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही जुनी. 2022 मध्ये डार्टमथ आणि बोडन यांनीही परदेशी मुलांसाठी हेच धोरण जाहीर केलं, नंतर आणखी दोन-चार आली. याला तिकडे ‘नीड ब्लाइंड’ म्हणतात. ऐपतीकडे डोळेझाक, असं समजा.

कानमंत्राचा दुसरा अर्धा भाग मात्र घर बुडवणारा होता. प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं ती मागता येणार नाही, असा कित्येक विद्यापीठांचा लेखी नियम आहे. आणि राहणं-खाणं धरून वर्षाचा खर्च ऐंशी-नव्वद हजार डॉलर. आपले सत्तर-पंचाहत्तर लाख रुपये! व्हिसासाठी लागणारा कागद विद्यापीठ देतं तेच मुळी पहिल्या वर्षाच्या पैशांचा पुरावा बघून. आईने माझ्या डायरीच्या मागच्या पानावर चार वर्षांचा हिशोब केला आणि पेन बंद करून ठेवलं.

आम्ही ‘हो’ लिहायचं ठरवलं. चार लाखही वाचले. निम्मे अर्ज ऐपत न बघणाऱ्या ठिकाणी आणि निम्मे लहान कॉलेजांत करायचे, असं ठरलं.

आता ही ऐपत न बघणारी ठिकाणं म्हणजे दार सताड उघडं आहे असं नाही हं. तिथे सगळ्या जगाची झुंबड. 2024 मध्ये हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले आणि घेतले 1,937. एमआयटीकडे 28,232 आले, घेतले 1,284. म्हणजे शंभरात चार-पाच. हे सगळे धरून. त्यातून परदेशी मुलं तेवढी वेगळी काढली, तर एमआयटीत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास उतरतं. तिथे पदवीच्या वर्गात दहांत एखादाच परदेशी असतो आणि त्या एका जागेवर चीन, कोरिया, ब्राझील, नायजेरिया असं अख्खं जग डोळा ठेवून असतं. आपल्याकडून निवडली जाणारी मुलं कोण असतात? 2016 मध्ये मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना एमआयटीने घेतल्याचं पेपरात वाचलेलं आठवत असेल. पण तिच्याकडे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती, हे आपण सोयीस्कर विसरतो. आपले 97 टक्के तिथे नुसती उंबऱ्यावरची पायपुसणी. सगळेच त्यावर पाय पुसून येतात.

मग बघतात तरी काय? एक सॅट नावाची परीक्षा असते. करोनात ती ऐच्छिक झाली होती. एमआयटीने 2022 मध्ये आणि हार्वर्डने 2024 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. तिची फी शंभर डॉलरच्या वर. शिवाय साडेसहाशे शब्दांचा एक निबंध आणि शिक्षकांची पत्रं. आणि मुलगी वर्गाबाहेर काय करते, त्यासाठी दहा रकाने.

या दहा रकान्यांपाशी आमची गाडी अडली. पोरगी म्हणाली, ‘मॅडम, माझ्याकडे काहीच नाही. ना पियानो, ना रोबोटिक्स.’ मी विचारलं, सकाळपासून रात्रीपर्यंत करतेस काय ते सांग. तर पहाटे पाणी येतं तेव्हा उठून टाकी भरायची. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या आजीचं औषध, अंघोळ, कूस बदलणं. हंगामात दुकानाची उधारीची वही आणि साठ्याचा हिशोब. तो तिने संगणकावर घेतला होता आणि कोणतं बियाणं कधी संपतं याचा अंदाज ती वडिलांना आधीच देत होती!

आई मध्येच म्हणाली, ‘अहो मॅडम, हे काय लिहायचं? हे तर सगळ्याच पोरी करतात.’

पण अमेरिकेतल्या सामायिक अर्जात यासाठी ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा सरळ पर्याय आहे. आठवड्याला किती तास आणि वर्षाचे किती आठवडे, तेही विचारतात. आम्ही तिघींनी बसून तास मोजले. आजीचेच आठवड्याला चौदा भरले. आई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. तिचे स्वतःचे तास कुणी कधी मोजलेले नसणार. (माझे तरी कुठे कुणी मोजलेत!) खरं सांगायचं, तर त्या अर्जातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

दुसरी अडचण कॉलेजच्या ऑफिसात. तिकडे नोव्हेंबर-जानेवारीतच बारावीचे ‘अपेक्षित गुण’ लागतात. आमचे क्लार्क म्हणाले, ‘मॅडम, परीक्षा फेब्रुवारीत. न झालेल्या पेपराचे मार्क मी कुठून आणू? उद्या बोर्डाने विचारलं तर?’ त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी चाचण्यांवरून विषय शिक्षकांनी अंदाज दिला आणि प्राचार्यांनी सही केली. मोठ्या शहरांतल्या महागड्या शाळांत या कामाला पगारी समुपदेशक असतो. अकरावीपासून मुलांच्या मागे हिंडून तो सगळे कागद तयार ठेवतो. आमच्याकडे त्या जागी मी आणि प्राचार्य, तेही सराव परीक्षेचे पेपर तपासता तपासता. नववीची गुणपत्रिका जुन्या शाळेतून मिळवायला तीन हेलपाटे पडले. उत्पन्नाचे कागद इंग्रजीत करून घेतले. अर्जाची फी प्रत्येक ठिकाणी 75 ते 90 डॉलर. पण गरज असेल तर ती माफ होते, प्राचार्यांनी तसं कळवलं की झालं. सल्लागार हे सांगत नाहीत.

आठ ठिकाणी अर्ज गेले.

एमआयटीचा निकाल 14 मार्चला लागतो. गणितातला ‘पाय’ 3.14 म्हणून तिसऱ्या महिन्याची चौदा तारीख. आपल्याकडे तोवर 15 मार्चची पहाट उजाडायला आलेली असते. नकार आला. मार्चअखेरपर्यंत आणखी पाच नकार, एका ठिकाणी प्रतीक्षायादी. आणि एका लहान कॉलेजाने घेतलं! घरात पेढे आले. दोन दिवसांनी मदतीचं पत्र नीट वाचलं, तेव्हा दरवर्षी चौदा हजार डॉलर आपल्याला घालायचे होते. सगळीच ठिकाणं गरजेएवढी मदत देत नाहीत. प्रवेश देऊनही मध्ये खड्डा ठेवतात. हार्वर्डचं वेगळं. वर्षाला एक लाख डॉलरहून कमी उत्पन्नाच्या घराकडून 2025-26 पासून काहीच घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलंय. पण ते आत गेलेल्यांसाठी.

बारा लाख वर्षाला. चुलते म्हणाले, जमीन गहाण टाकू, पोरगी रोज रोज जात नाही अमेरिकेला. वडील गप्प. नाही म्हणाली ती आई. ‘पहिल्या वर्षाचं कर्ज निघेल हो भाऊजी. तिसऱ्या वर्षी पाऊस नाही झाला, तर पोर अर्ध्यातून परत आणायची का?’ मुलगी दोन दिवस जेवली नाही. मी त्या घरी गेले, पण समजूत घालायला माझ्याकडे शब्द नव्हते आणि आई चुकतेय असं मला वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. त्याच मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. हार्वर्डचा तर परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच सरकारने काढला आणि कोर्टाने त्याला स्थगिती दिली. पेपर हातात घेऊन आई माझ्याकडे आली होती, पण ‘बघा, मी म्हणत नव्हते’ असं काही म्हणाली नाही.

मुलगी आता पुण्यात बीएस्सी करतेय. विज्ञानातल्या पीएचडीचा हिशोब अगदी उलटा असतो, हे तिला तिथे कळलं. अमेरिकेतली चांगली विद्यापीठं पीएचडीच्या मुलांची फी माफ करतात आणि वर दरमहा विद्यावेतन देतात, परदेशी मुलांनाही. संशोधनाच्या सरकारी पैशांना कात्री लागल्याने 2025 मध्ये बऱ्याच ठिकाणी या जागा कमी झाल्या, हेही खरं. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तीही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठीच, आणि अनुसूचित जातीच्या मुलांना. म्हणजे बारावीनंतर लगेच जायचं तर वाट सर्वांत अरुंद, आणि नेमकी तीच जाहिरातीत सर्वांत रुंद दाखवतात.

परवा बाजारात आई भेटली. म्हणाली, ‘मॅडम, पीएचडीलापण ती दहा कामं लिहायची असतात का हो? तास मोजून ठेवू का?’

नसतात म्हटलं वहिनी. तिथे प्रयोगशाळेतलं काम आणि प्राध्यापकांची पत्रं बघतात.