स्वतःच छापलेली कादंबरी : एका भालकीकरणीचा हिशोब

मंडळातल्या दोघा-तिघांनी विचारलं, "टीचर, कादंबरी स्वतः छापायची तर काय काय करावं लागतं?" म्हणून हे लिहिते. शहाणपण सांगत नाही. चुका सांगते.

कादंबरी माझ्या आजीच्या बहिणीची. ती उदगीरकडं दिलेली, आजी भालकीत. दोन्ही गावं तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या एकाच बीदर जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, उदगीर महाराष्ट्राकडं (तेव्हाच्या मुंबई राज्यात) गेलं नि भालकी म्हैसूर राज्यात. रेल्वे तीच राहिली, मधे कमलनगर. बाकी सगळं बदललं.

एका प्रकाशकाला हस्तलिखित दिलं. उत्तर आलं, संवाद 'प्रमाण' करा. म्हणजे माझी बाई "काय करलालास?" म्हणते, तिनं "काय करतोयस?" म्हणायचं. ते मला जमेना. शिवाय खर्चाचा मोठा वाटा लेखिकेनंच द्यायचा होता. मग म्हटलं, पैसे माझेच जाणार तर बाई तरी तिच्या भाषेत बोलू दे.

छापखाना कलबुर्गीतला, ऑपरेटर कानडी, माणूस फार चांगला. डेमी आकाराच्या पुस्तकात १६ पानांचा एक फॉर्म असतो, हे त्यानंच शिकवलं. माझी पानं भरत होती २१२, म्हणजे १३ फॉर्म आणि वर चार पानं. त्या चार पानांसाठी पुन्हा प्लेट, पुन्हा कागद. मी हुशारी केली, अक्षर ११ पॉइंटचं केलं आणि २०८ पानांत बसवलं. ही पहिली चूक.

दुसरी चूक ऱ्या ची. मी युनिकोडमध्ये टाइप केलेलं होतं, छापखान्याचं सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टचं. रूपांतर करताना आपला मराठी 'ऱ्या' गेला आणि त्याच्या जागी रफार आला. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' झालं. मी म्हटलं, "अण्णा, हे अक्षर तुटलंय." ते म्हणाले, "बरोबर आहे की टीचर, हिंदीत असंच असतंय." मी दमले होते, चार पानं तपासून सही केली. पुस्तक आलं, तर लग्नाच्या प्रसंगात चक्क आचार्यांनी वांगी चिरली! आचारी गेला, आचार्य आले. दऱ्यांचा दर्या झाला तो वेगळाच. ३०० प्रतींत शुद्धिपत्र चिकटवत बसलो, मी आणि माझी दोन विद्यार्थिनी. तेव्हा रूपांतरानंतरचा प्रूफ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, आणि तो दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. स्वतःचं लिहिलेलं डोळ्यांना दिसत नाही, आठवतं फक्त.

आयएसबीएनची भीती बाळगू नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो फुकट मिळतो, लेखक स्वतः प्रकाशक म्हणून ऑनलाइन अर्ज करू शकतो. पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर नमस्कार करा. आणि आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे. तो लिहिल्याबरोबर तुमचाच असतो.

आता पैसा. सगळा खर्च ४१,००० रुपये, म्हणजे प्रतीमागं सुमारे १३७. किंमत ठेवली २५०. विक्रेत्यानं ४० टक्के कमिशन मागितलं. हाती १५०, उरले १३, आणि पार्सलचा खर्च माझाच. किंमत ठरवण्याआधी हा हिशोब करायचा असतो, मी नंतर केला. एप्रिल २०२२ मध्ये ९५वं अखिल भारतीय साहित्य संमेलन उदगीरला भरलं, तेव्हा ओळखीच्या एका स्टॉलच्या कोपऱ्यात प्रती ठेवल्या. हातोहात विकलेल्या त्याच. बाकी बराच काळ पलंगाखाली होत्या.

एक गोष्ट मात्र नीट केली. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रत स्वखर्चानं द्यायची असते. स्वतः छापणारे हे बहुधा विसरतात. मला ताराबाई शिंदे आठवत होत्या. 'स्त्री पुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. मग ते जवळजवळ विसरलं गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. कुठंतरी प्रत राहिली म्हणून ते जमलं. मी चार पार्सलं केली नि पावत्या जपून ठेवल्या.

आजीला पहिली प्रत दिली, तर तिनं भिंग लावलं, दोन पानं वाचली नि मिटून ठेवलं. "अक्षर मुंग्यांसारखं हाय गं." जिच्यासाठी लिहिलं तिलाच वाचता येईना. मागच्या वर्षी डिजिटल छपाईनं फक्त ४० प्रती काढल्या, १३ पॉइंटमध्ये. प्रतीमागं खर्च जास्त आला, पण पलंगाखाली काही उरलं नाही. आजी रोज दुपारी चार-पाच पानं वाचते. परवा पेन्सिलनं खूण करून ठेवली होती: बहिणीच्या लग्नातला बँड उदगीरचा नव्हता, बीदरचा होता.